पिवळं हेलिकॉप्टर, लाल-पांढरं हेलिकॉप्टर

दोरीचं दुसरं टोक : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण दोरीच्या खालच्या टोकाला होतो. उधाणलेल्या समुद्रात माणूस किती वेळ तग धरतो, गार पाण्यात आधी बोटं का निकामी होतात, वरून आलेला पट्टा काखेत कसा अडकवायचा, हे पाहिलं. त्यावर मुरुडच्या एका वाचकांचं पत्र आलं. त्यांची स्वतःची होडी होती, आता ती मुलगा चालवतो. त्यांनी एकच गोष्ट विचारली आहे: वरच्या टोकाला सरकारचा माणूस असला काय आणि कंपनीचा असला काय, बुडणाऱ्याला फरक काय पडतो?

आजचा सगळा लेख या एका प्रश्नासाठी ठेवला आहे. ब्रिटन आणि आयर्लंड या दोन देशांनी दोन्ही प्रकार स्वतः करून पाहिले आहेत, तेव्हा उत्तर शोधायला तिकडे जावं लागेल.

आधी थोडा वेळ हेलिकॉप्टरच्या दारात बसू. बचावाच्या हेलिकॉप्टरमध्ये चौघं असतात: दोन वैमानिक, एक विंच चालवणारा आणि एक दोरीवरून खाली जाणारा विंचमन. हेलिकॉप्टर जहाजाच्या डेकवर अधांतरी स्थिर धरायचं असतं, पण वैमानिकाला डेक दिसतच नाही. तो त्याच्या पायाखाली, मागच्या अंगाला असतो. दिसतो तो दारातून बाहेर झुकलेल्या विंचवाल्याला, आणि तो अखंड बोलत असतो. पुढे पाच, उजवीकडे दोन, पुढे तीन, थांब, स्थिर. वैमानिक त्या आवाजावर विसंबून हात हलवतो. खाली जहाज डोलत असतं, डोलकाठी चाबकासारखी इकडून तिकडे जात असते, पंख्याच्या वाऱ्यानं पाण्याचे फवारे उडत असतात. समुद्र फारच खवळलेला असेल तर आधी वजन लावलेली एक बारीक दोरी खाली सोडतात. खलाशांनी ती हातानं ओढून धरायची, म्हणजे विंचमन झोके न खाता त्यांच्यापर्यंत पोचतो. ती दोरी डेकवर कशालाही बांधायची नाही, अशी सक्त ताकीद असते. बांधली तर हेलिकॉप्टर जहाजाला जखडलं जाईल. दुसरी ताकीद अशी, की वरून येणारा हूक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा. उडताना यंत्रात वीज साठलेली असते आणि आधी हात लावणाऱ्याला तिचा सणसणीत झटका बसतो.

हे शब्द, या ताकिदी हवाई दलातही त्याच आणि कंपनीतही त्याच. ब्रिटनमध्ये तर पुष्कळदा माणूसही तोच निघाला; फक्त अंगावरचा गणवेश बदलला.

मुळात हे काम लष्कराकडे गेलं कसं? दुसऱ्या महायुद्धात विमान पडल्यावर समुद्रात तरंगणाऱ्या आपल्या वैमानिकांना उचलायची गरज होती, त्यातून बचाव पथकं उभी राहिली. १९५३च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्र नेदरलँड्समध्ये घुसला, तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या ड्रॅगनफ्लाय हेलिकॉप्टरांनी छपरांवरून शेकडो माणसं उचलली. हे यंत्र काय करू शकतं ते लोकांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. १९५५ पासून ब्रिटिश हवाई दलाची पिवळी व्हर्लविंड हेलिकॉप्टरं किनाऱ्यावर तैनात झाली. आपले वैमानिक वाचवण्यासाठी ठेवलेली ही यंत्रं दोन बोलावण्यांच्या मधे रिकामीच असायची, म्हणून कोळ्यांसाठी, पोहणाऱ्यांसाठी, डोंगरात अडकलेल्यांसाठीही जाऊ लागली. हळूहळू पारडं इतकं फिरलं की बहुतेक सगळी बोलावणी सामान्य नागरिकांचीच असत. १९७९च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट शर्यतीतल्या ३०३ शिडाच्या नौका वादळात सापडल्या, १५ स्पर्धक दगावले. त्या दिवसांत कल्ड्रोझच्या नौदल तळावरून हेलिकॉप्टरांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. बुडणाऱ्यांत युद्धावर निघालेला एकही नव्हता.

पुढचं सगळं समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. संरक्षण खात्याच्या पैशातून चालणारं काम प्रत्यक्षात नागरी काम झालं होतं. इराक आणि अफगाणिस्तानात लढणाऱ्या सैन्याला हेलिकॉप्टरं अपुरी पडू लागली, तेव्हा हिशेब मांडणाऱ्यांची नजर किनाऱ्यावरच्या पिवळ्या सी किंग हेलिकॉप्टरांवर जाणारच होती. शिवाय त्या सी किंगही म्हाताऱ्या झाल्या होत्या. हवाई दलात त्या १९७८ पासून उडत होत्या.

हे काम कंपनीला द्यावं की नाही, या ब्रिटनमधल्या वादात एक गोष्ट फार थोडे लोक बोलत. कंपनी या कामात २०१५ साली आली असा सर्वसाधारण समज आहे, तो खरा नाही. शेटलंड बेटांवरच्या सुंबरा इथे तटरक्षक दलानं १९८३ सालीच ब्रिस्टो या कंपनीचं हेलिकॉप्टर कंत्राटावर घेतलं होतं. पुढे स्टॉर्नोवे, ली-ऑन-सोलंट, पोर्टलंड हे तळही तसेच चालले, मधे काही वर्षं सीएचसी या दुसऱ्या कंपनीकडे गेले. अटलांटिकच्या तोंडावरचं, देशातल्या सर्वांत वाईट हवामानातलं काम तीस वर्षं कंपनीचे लोक करत होते. १२ तळांपैकी सहा हवाई दलाचे, दोन नौदलाचे आणि चार कंत्राटी, अशी ती व्यवस्था होती. २००४च्या ऑगस्टमध्ये कॉर्नवॉलमधलं बॉसकॅसल गाव पुराच्या लोंढ्यात सापडलं, तेव्हा हवाई दल, नौदल आणि तटरक्षक यांची मिळून सात हेलिकॉप्टरं आली. छपरांवरून, झाडांवरून शंभराच्या आसपास माणसं उचलली गेली. एकही जीव गेला नाही.

मग सगळंच कंत्राटावर द्यायची योजना निघाली आणि पहिलाच घास घशात अडकला. २०१० साली सोटेरिया नावाच्या कंपनीसमूहाची निवड झाली. २५ वर्षं, ६०० कोटी पौंड, लष्करी आणि नागरी वैमानिक एकत्र उडणार, असा तो करार व्हायचा होता. पण स्पर्धेच्या काळात आपल्याकडे गोपनीय व्यावसायिक माहिती आली होती, हे त्या समूहाला कबूल करावं लागलं. संरक्षण खात्याच्या पोलिसांची चौकशी लागली आणि २०११च्या फेब्रुवारीत सरकारनं सगळी प्रक्रिया रद्द केली. कित्येक वर्षं वाया गेली. तोवर जुन्या सी किंग तशाच उडत राहिल्या.

दुसऱ्या खेपेला, २०१३च्या मार्चमध्ये, ब्रिस्टोला दहा वर्षांचं १६० कोटी पौंडांचं कंत्राट मिळालं. दहा तळ, २२ नवी लाल-पांढरी हेलिकॉप्टरं, आणि लष्कर या कामातून पूर्ण बाहेर. लोक हळहळले, चिडले. राजपुत्र विल्यम २०१० ते २०१३ या काळात अँगलसी बेटावरच्या व्हॅली तळावर सी किंग चालवत होते, त्यामुळे या पिवळ्या हेलिकॉप्टराबद्दलचा जिव्हाळा तेव्हा आणखीच वाढलेला. ज्यानं आपल्या बापाला समुद्रातून काढलं त्या पथकाबद्दल माणसाला जे वाटतं ते हिशेबाच्या वहीत बसत नाही, आणि बसू नये. ४ ऑक्टोबर २०१५ला चिव्हनर तळावर हवाई दलाची शेवटची पाळी संपली.

नंतर काय झालं, ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. भीती घातली होती तसं काही कोसळलं नाही. दिवसा १५ मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत उड्डाण, हा लष्कराचाच दंडक कंत्राटात उतरला. नवी एस-९२ हेलिकॉप्टरं सी किंगपेक्षा वेगवान होती, आतून प्रशस्त होती, रोगी ठेवून उपचार करायला सोयीची होती. सर्वांत धोक्याच्या भागांपैकी ७० टक्के भागात अर्ध्या तासात पोचता यायचं, ते प्रमाण ८५ टक्क्यांवर जाईल, असं सरकारचं गणित होतं. अडचणीही आल्या. एडब्ल्यू-१८९ ही दुसऱ्या जातीची हेलिकॉप्टरं वेळेवर तयार झाली नाहीत, तेव्हा काही तळांवर लहान हेलिकॉप्टरांवर भागवावं लागलं. पण दोरी खाली जात राहिली. २०२२ साली पुढचं दहा वर्षांचं कंत्राटही ब्रिस्टोनंच मिळवलं.

माझी अस्वस्थता वेगळ्या ठिकाणी आहे.

२०१४ नंतर खनिज तेलाचे भाव कोसळले. या कंपन्यांचा मूळ धंदा तेलविहिरींवर माणसं नेण्या-आणण्याचा. तेल कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि २०१६ साली सीएचसीनं, २०१९ साली ब्रिस्टोनं अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. बचावकार्य थांबलं नाही, दोन्ही कंपन्या पुन्हा उभ्या राहिल्या. हे नोंदवायलाच हवं. तरी विचार करा, हेब्रिडीज बेटांवरच्या कोळ्याच्या जिवाची दोरी टेक्सासमधल्या न्यायालयातल्या कागदांशी जोडली गेली होती, आणि त्या कोळ्याला याचा पत्ताही नव्हता. लष्करावर दिवाळं काढायची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. पहिल्या कंत्राटात कंपनीला तयार माणसं मिळाली. वीस-वीस वर्षं सरकारी खर्चानं, धुक्यात आणि काळोखात शिकलेले विंचमन आणि वैमानिक आयतेच हाताशी आले. ती पिढी आता निवृत्तीला येतेय. हवाई दल हे काम करत नाही, तेव्हा तिथून नवी माणसं येणार नाहीत. विंचमन घडायला वर्षं लागतात. त्या वर्षांचा खर्च कोण करणार, हे दर दहा वर्षांनी निविदेच्या आकड्यात लिहावं लागेल, आणि निविदेत सगळ्यात सहज कापला जाणारा आकडा प्रशिक्षणाचाच असतो. मी कुठल्याही कामाच्या निविदा पाहतो तेव्हा आधी तो रकाना पाहतो.

तिसरी गोष्ट कराराच्या भाषेची. जे लिहिलंय तेवढंच मिळतं. शेटलंडमध्ये नव्या कंत्राटात हेलिकॉप्टर निघण्याची वेळ १५ मिनिटांवरून ६० मिनिटांवर न्यायचा बेत समजला, तेव्हा तिथले मच्छीमार आणि बेटवासी उठून उभे राहिले आणि फेरविचार करावा लागला. ४५ मिनिटांचा फरक कागदावर एका ओळीचा असतो. गेल्या लेखांकात पाण्याच्या तापमानाचं कोष्टक दिलं होतं, ते काढून पाहा. त्या समुद्रात ४५ मिनिटं म्हणजे काय ते कळेल.

आता आयर्लंडकडे येतो. मुरुडच्या वाचकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे, आणि ते दोन रात्रींचं आहे.

पहिली रात्र १ जुलै १९९९ची. आयरिश हवाई दलानं वॉटरफर्ड तळावरून चोवीस तास सेवा सुरू केली ती त्याच दिवशी. पहिल्याच रात्री एका लहान होडीसाठी बोलावणं आलं. दाट धुकं होतं. काम आटोपून परतताना तळावर उतरता येईना, म्हणून ट्रामोरच्या किनाऱ्याकडे वळलेलं डॉफिन हेलिकॉप्टर वाळूच्या टेकाडावर आदळलं. चौघंही गेले. त्या तळाला रात्रीच्या कामासाठी जे पाठबळ मिळायला हवं होतं ते दिलं गेलं नव्हतं, हे चौकशीत पुढे आलं. इथे गणवेश होता, देशसेवेची शपथ होती, नफ्याचा पैसा कुठेही नव्हता.

पुढच्या काही वर्षांत आयरिश हवाई दल या कामातून बाहेर पडलं आणि सीएचसी कंपनी आयरिश तटरक्षक दलासाठी उडू लागली.

दुसरी रात्र १४ मार्च २०१७ची. आयर्लंडच्या पश्चिमेला सुमारे १४० सागरी मैलांवर एका मासेमारी जहाजावरच्या माणसाच्या अंगठ्याला इजा झाली होती. स्लायगोचं हेलिकॉप्टर त्याला आणायला निघालं. इतक्या दूर जाणाऱ्या यंत्रावर लक्ष ठेवायला, संदेश पोचवायला दुसरं विमान वर असावं लागतं. हवाई दलाचं विमान त्या रात्री उपलब्ध नव्हतं. म्हणून डब्लिनहून दुसरं हेलिकॉप्टर, रेस्क्यू ११६, निघालं आणि इंधन घ्यायला मेयो किनाऱ्यावरच्या ब्लॅकसॉडकडे वळलं. कंपनीच्या मार्गपुस्तिकेतला तो मार्ग ब्लॅकरॉक बेटापासून सुरू होत होता. बेटाची उंची २८२ फूट, त्यावर दीपगृह. हेलिकॉप्टर समुद्रापासून २०० फुटांवर उडत होतं. जमीन जवळ आली की इशारा देणाऱ्या यंत्राच्या माहितीसाठ्यात ते बेटच नव्हतं. मागे बसलेल्या विंचवाल्याला उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ते दिसलं, तो ओरडला, उजवीकडे वळायला सांगितलं. काही सेकंदांचाच अवधी होता. रात्री पाऊण वाजता चौघंही गेले. दोघांचे देह अजून समुद्रातच आहेत.

चौकशीचा अहवाल २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आला, त्यात ४२ शिफारशी होत्या. ते बेट इशारायंत्रात दिसत नाही, हे कंपनीतल्या कुणीतरी २०१३ सालीच लिहून कळवलं होतं. त्याचं पुढे काही झालं नाही. पण मला अहवालातलं सर्वांत गंभीर वाटलं ते सरकारबद्दलचं. कंत्राट देणाऱ्या तटरक्षक दलाकडे कंपनीला जाब विचारण्याइतकी विमानविद्या जाणणारी माणसंच नव्हती. या उड्डाणांवर देखरेख नेमकी कुणी करायची, याबद्दल सरकारी यंत्रणांतच गोंधळ होता. काम बाहेर दिलं, त्याबरोबर त्या कामाचं ज्ञानही बाहेर गेलं.

ट्रामोरला लष्कर होतं, ब्लॅकरॉकला कंपनी होती. दोन्हीकडे तळावरच्या माणसांनी कसूर केली नाही. कमी पडली ती त्यांना पाठवणारी व्यवस्था. म्हणून मी मुरुडच्या वाचकांना असं लिहीन: दोरी कुणाची, यानं फरक पडतो, पण त्याहून मोठा फरक यानं पडतो की त्या दोरीची परीक्षा घेणारं जाणतं माणूस सरकारात उरलंय की नाही. ते नसेल तर गणवेशही वाचवत नाही आणि कंत्राटही.

नॉर्वेनं तिसरा रस्ता धरलाय. किनाऱ्यावरची हेलिकॉप्टरं हवाई दलाचं ३३० क्रमांकाचं पथक उडवतं, पण पैसा आणि जबाबदारी न्याय खात्याची. म्हणजे संरक्षणाच्या तंगीत या कामाचा बळी जात नाही. समुद्रातल्या तेलक्षेत्रांत मात्र तेल कंपन्या स्वतःच्या खर्चानं बचाव हेलिकॉप्टरं तैनात ठेवतात. ज्यांच्या धंद्यासाठी माणसं तिथे जातात, त्यांनी त्यांच्या परतीची सोय करायची. मला हे फार न्याय्य वाटतं.

आपल्याकडे समुद्रातल्या शोध आणि बचावाचं काम भारतीय तटरक्षक दलाकडे आहे, नौदल आणि हवाई दल मदतीला. मुरुडच्या वाचकांना रेवदंड्याचं आठवत असेल: १७ जून २०२१, ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज बुडायला लागलं आणि तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरं आणि एक जहाज यांनी मिळून १६ जणांना काढलं. त्याच्या महिनाभर आधी तौक्ते वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात ‘पापा-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या जहाजांनी आणि हेलिकॉप्टरांनी १८६ जणांना वाचवलं. बाकीचे परत आले नाहीत. त्या वाऱ्यात कुठल्या कंत्राटाच्या कुठल्या कलमानं हेलिकॉप्टर उडवलं असतं, असा विचार मी अनेकदा केलाय. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या किनाऱ्यावर हे काम गणवेशातच राहावं.

पण गणवेशात आहे म्हणून निर्धास्त राहू नये. २ सप्टेंबर २०२४च्या रात्री पोरबंदरजवळ एका टँकरवरच्या जखमीला आणायला गेलेलं तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, तिघे गेले. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरलाच दुसरं ध्रुव पडलं, आणखी तिघे गेले. त्यानंतर देशातली सगळीच ध्रुव हेलिकॉप्टरं कित्येक महिने जमिनीवर राहिली. सगळा भार एका जातीच्या यंत्रावर टाकला की असं होतं. ब्रिटनच्या कंत्राटात एकाहून अधिक जाती आहेत. हेलिकॉप्टर सज्ज नसेल तर जाब द्यावा लागतो आणि किती मिनिटांत निघायचं ते छापील असतं. आपल्या रत्नागिरीतून, दमणहून, गोव्याहून रात्री दोन वाजता बोलावलं तर हेलिकॉप्टर किती मिनिटांत निघेल, हे कोकणातल्या कोळ्याला ठाऊक असायला हवं. ते लिहून, जाहीर करून, दरवर्षी त्याचा हिशेब द्यावा. गणवेशातल्या माणसांचा यात काहीच अपमान नाही. उलट त्यांना हवी ती यंत्रं आणि माणसं मागायला त्यांच्या हाती कागद येईल. आणि मुंबई हायमधल्या कंपन्यांनी नॉर्वेसारखं स्वतःच्या खर्चानं एक बचाव हेलिकॉप्टर समुद्रातच सज्ज ठेवायला काय हरकत आहे?

किनाऱ्यावरच्या वाचकांनी आपापल्या मच्छीमार सोसायटीच्या पुढच्या सभेत हा मिनिटांचा प्रश्न लेखी मांडावा, ही विनंती. पुढच्या आठवड्यात होडीवर बसवायच्या संकटसूचक यंत्राबद्दल लिहीन. तोवर एवढं करा: तटरक्षक दलाचा संकटकाळचा क्रमांक १५५४ आहे. तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला, आणि होडीच्या फळीवर रंगवून ठेवा.